आरशातली बोट

हाक त्याने मारली आणि बायको वळून हसली ती भलत्याच माणसाकडे बघून. घडलं ते एवढंच. ऑफिसातून येताना तो किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीशी थांबला होता, समोरच्या फुटपाथवरून बायको कोर्टातून परत येत होती, खांद्याला तीच ती फुगलेली पिशवी. मधून एक बस गेली, आणि बस गेल्यावर त्याने घरात मारतो तशीच हाक मारली, "अगं ए!" हाक पोचली यात वाद नाही, कारण ती थबकली. पण रस्त्याकडे वळायचं सोडून ती वळली दुकानांकडे. तिथे औषधाच्या दुकानाच्या पायरीवर तपकिरी कोट घातलेला एक माणूस संत्रं सोलत उभा होता. त्याच्याकडे बघून तिचा चेहरा असा खुलला की नवऱ्याला स्वतःच्या लग्नातला फोटो आठवला. हातसुद्धा अर्धा वर गेला. तो माणूसही हसला, संत्र्यासकट मान लववली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चालू लागली. आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? दुसरी हाक मारेल, रस्ता ओलांडेल, 'कुठे तंद्री लागली होती बाईसाहेबांची' म्हणून चिडवेल आणि दोघं मिळून घरी जातील. याने काय केलं? टपरीच्या आडोशाला सरकला आणि त्या माणसाला बघत बसला. संत्रं संपेपर्यंत बघितलं. साली त्याने कुठे टाकल्या तेही बघितलं. तो माणूस बायकोच्या मागे गेला नाही, उलट्या दिशेला गेला, आणि हे तर याला जास्तच संशयास्पद वाटलं.

घरी बूट काढता काढता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "रस्त्यात कोणी भेटलं का गं?" सहज विचारायची सवय नसल्यामुळे ते फारच मोठ्याने विचारलं गेलं. "कोण भेटणार?" ती म्हणाली, "सरळ घरी आले." कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं, एवढंही ती म्हणाली नाही. एवढं साधं वाक्य माणूस कशाला गिळून टाकेल? चहा पिताना तो त्या न बोललेल्या वाक्याभोवती फिरत राहिला, आणि चहा निवला.

खरं म्हणजे त्याची नोकरीच संशयाची. उंच भिंतीच्या आत एक संस्था होती, फाटकावर पिशव्या तपासत, आणि आत हे लोक पाण्यात सोडायचे कान बनवत. तेलाने भरलेली लांबलचक नळी, तिच्यात ओळीने बसवलेले कान, आणि ही नळी बोटीच्या मागे दोरीसारखी ओढत न्यायची. आपसात तिला सगळे शेपूट म्हणत. कान किती अंतरावर बसवायचे, नळीचं कातडं किती जाड ठेवायचं, पाणी घासून जाताना जो सरसराट होतो त्यातून बाकीचे आवाज कसे वेगळे काढायचे, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. समुद्र शांत असतो असं किनाऱ्यावर बसणाऱ्यांना वाटतं. आत नुसता बाजार भरलेला असतो. कोळंब्या कडकड करत असतात, मालवाहू जहाजं धडधडत असतात, तळाशी वाळू सरकत असते. या सगळ्या गोंधळात पाणबुडी म्हणजे काय? जिला आपला आवाज कोणाला ऐकू जाऊ द्यायचा नाही, ती. म्हणून जो जितका गप्प तितका त्याच्यावर जास्त कान, हा तिथला रिवाज. नव्याने येणाऱ्यांना तो पहिल्याच दिवशी हे सांगायचा, आणि सांगताना त्याला स्वतःचं कौतुक वाटायचं. फक्त संध्याकाळी घरी जाताना हा रिवाज फाटकावर ठेवून जायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि बायको तर गेल्या हिवाळ्यापासून गप्प गप्प झाली होती.

शेपटीची एक खोड होती. सगळे कान एका सरळ रेषेत. आवाज कोणत्या कानाला आधी पोचला आणि कोणत्याला मागाहून, यावरून तो किती पुढून येतोय की मागून, हे अगदी नेमकं सांगता येतं. पण डावीकडून की उजवीकडून? ते काही केल्या सांगता येत नाही, दोन्हीकडून तो सारखाच पोचतो. पडद्यावर एक बोट डावीकडे दिसते आणि तिचीच जुळी बहीण उजवीकडे. एक खरी, दुसरी आरशातली. आरशातली बोट हा त्यांच्या तोंडात बसलेला शब्द. डब्यातली चपाती जास्त भाजलेली निघाली तरी 'खरी वरच्या बाजूला असेल, ही आरशातली' असले विनोद चालायचे. खरी कोणती ते ठरवायचं तर आपली बोट वळवायची. शेपूट सरळ झाली की खरी जिथल्या तिथे राहते आणि आरशातली पळत सुटते. त्याच्या शेजारच्या टेबलावर त्याचा सहकारी बसे, इतका उंच की सगळे त्याला लंबूच म्हणत. लंबूचं म्हणणं, एक शेपूट पुरत नाही, शेजारी शेजारी दोन लावू या, म्हणजे बाजू लगेच कळेल. "अरे, माणसाला दोन कान काय गॉगल अडकवायला दिलेत का?" असं तो बैठकीत सर्वांसमोर म्हणाला होता. याने त्याला ठाम विरोध केला होता. वजन वाढेल, गुंडाळायचा विंच बदलावा लागेल, दोन शेपट्या एकमेकींत अडकतील. वळलं की कळतं, मग घाई कशाला? यावर वरिष्ठांनी माना डोलावल्या आणि लंबूने कागदावर एक दोन शेपटांचं मांजर काढून त्याच्याकडे सरकवलं.

त्या संत्र्याच्या संध्याकाळपासून तो घरात पुरावे गोळा करू लागला. गोळा करायला गेलं की सापडतातच, हा तर त्याचा धंद्यातला अनुभव, पण तोही त्याने गुंडाळून ठेवला. पहिलं म्हणजे तिने पलंगाची बाजू बदलून मागितली होती. खिडकीचा वारा लागतो म्हणाली. इतकी वर्षं लागला नाही तो वारा? ती त्याच्या उजव्या हाताला झोपायची, ती आता डाव्या हाताला झोपायला लागली. सोफ्यावरही तसंच, दाराकडची आपली नेहमीची जागा सोडून पलीकडे जाऊन बसायची. रस्त्यात चालतानाही मध्येच मागून वळसा घालून डावीकडे यायची. जणू त्याच्या उजवीकडे कोणी दुसरंच चालत होतं. हसायची ती हल्ली उशिराने, सगळे हसून झाल्यावर, चोरट्यासारखी. त्याची धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "दादा, वहिनीचं काही बिनसलंय का रे? मी सांगते एक, ती उत्तर देते भलतंच. नुसतं हो-हो, हो-हो, आणि घाईघाईने फोन ठेवते. माझा काही राग आहे का तिला?" "तुझा कशाला असेल?" तो म्हणाला, आणि 'तुझा' या शब्दावर आपण किती जोर दिला ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. बहिणीचा नवरा जेवायला आला की गाडीच्या इंजिनाबद्दल तासन्‌तास बोले. तेव्हा ती टेबलावर कोपर टेकून उजवा गाल तळहातात घेऊन बसायची, मंद हसत, मधूनमधून मान डोलवत, आणि चेहऱ्यावर अशी शांतता की बघणाऱ्याला वाटावं, बाई इथे नाहीतच. पूर्वी तीच मेव्हण्यांची टर उडवायची, भांडी घासताना त्यांच्या इंजिनाची हुबेहूब नक्कल करायची. ती नक्कल बंद झाली होती.

आणि गुरुवार. दर गुरुवारी तिला उशीर व्हायला लागला होता. ती कोर्टात स्टेनो होती. साक्षीदार बोलत असताना शब्द न शब्द उतरवून घ्यायचा, कोणी हरकत घेतली की तोच मजकूर सपाट आवाजात वाचून दाखवायचा, हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लग्नाआधी भेटायचे तेव्हा ती त्याचं मागच्या भेटीतलं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवायची, श्वासासकट, आणि तो लाजून लाल व्हायचा. "साक्षी लांबल्या," ती गुरुवारी म्हणायची. एका गुरुवारी त्याने कोर्टाच्या चौकशीच्या खिडकीला फोन लावला, नाव न सांगता. तिथला कारकून म्हणाला, "स्टेनोंना का? नेहमीच्याच वेळेला सुटतात की. आज तर लवकर गेल्या सगळ्या." फोन ठेवला तरी त्याचा हात रिसीव्हरवरच राहिला. संशय खरा ठरावा म्हणूनच फोन लावला होता ना? मग आता खूश का होता येईना? कारण तोवर त्याचं तसं बोलणं स्वतःशीच चाललेलं होतं, आणि आता त्यात तिसरा माणूस आला होता, खिडकीतला कारकून. बायको जाणार. हे एकच वाक्य त्याच्या डोक्यात घोळू लागलं, जेवताना, दाढी करताना, कानांची जुळणी तपासताना. ती जाणार आणि ते आपल्याला सर्वांत शेवटी कळणार.

असं वाक्य डोक्यात घेऊन तो लहानपणीही हिंडला होता. त्यांच्या घरात आईवडिलांची खोली आणि मुलांची खोली यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. तो स्टीलचा पेला भिंतीला लावायचा आणि बुडाला कान. वडिलांचा आवाज पेल्यातून चांगला यायचा, आईचा यायचाच नाही. "कुठे गेली होतीस? कोणाशी बोलत होतीस? तो तुझ्याकडे बघून का हसला?" वडील बोलत राहायचे आणि पलीकडून काहीच नाही. आई बोलते आहे पण हळू, असं समजून तो पेला भिंतीवर इकडून तिकडे सरकवायचा, जास्त पातळ जागा शोधायचा. धंद्याचं पहिलं शिक्षण ते. पण आई बोलतच नव्हती. एके दिवशी ती मामाकडे निघून गेली. काही दिवसांनी परत आली, पण वडिलांशी ती पुन्हा सरळ कधी बोलली नाही, मरेपर्यंत. 'बाबांना सांग, पान वाढलंय.' 'बाबांना सांग, डॉक्टरांनी बोलावलंय.' समोरासमोर बसलेले असायचे दोघं, आणि मधे हा, टपालवाल्यासारखा. आपण वडिलांसारखं व्हायचं नाही अशी त्याने शपथ घातली होती स्वतःला. म्हणून तो बायकोला काही विचारत नव्हता. विचारत नाही म्हणजे आपण वडिलांसारखे नाही, असा सोयीचा हिशोब. विचारलं असतं तर कदाचित बरं झालं असतं, पण हे सांगणार कोण त्याला?

नव्या शेपटीची चाचणी ठरली, आठवडाभर समुद्रावर. निघायच्या सकाळी बॅग दारात ठेवून तो झोपायच्या खोलीशी आला. ती आरशाच्या कपाटासमोर उभी राहून कानात डूल अडकवत होती. दार तिच्या एका बाजूला, जरा मागे, आरसा तिच्या समोर. छताचा पंखा चालू होता. गुरुवार होता, आणि तिने चांगला निळा पोशाख घातला होता. त्याला आरशात तिचा चेहरा दिसला, डुलाची कडी शोधताना ओठ जरासे मुडपलेले, कोणाची तरी वाट बघितल्यासारखे डोळे. हे सगळं आपल्यासाठी नाही, असं वाटून त्याच्या आतून काहीतरी कडू वर आलं. तो दारातूनच, अगदी हळू, दात न उघडता म्हणाला, "गुरुवारी ज्याच्याकडे जातेस ना, त्याच्याकडेच राहा एकदाची. मी तरी सुटेन." बोलला आणि गारठला. आता ती फिरेल, आता रडेल, आता ओरडेल. तिने कडी अडकवली, डूल हलवून बघितला. मग म्हणाली, "मोजे बॅगेत वरच ठेवलेत. खाली उपसू नकोस." बस. एवढंच. लाज नाही, राग नाही, खुलासा नाही. जिला काही लपवायचं नसतं ती बाई असं ऐकून घेते का? तो बॅग उचलून जिने उतरला, आणि मनात एक कडवट समाधानही होतं, वडिलांना वाटत असेल तसं.

समुद्रावर दोन दिवस काहीच नाही. नौदलाची एक पाणबुडी त्या भागात कुठेतरी खाली लपून राहणार होती आणि यांनी ती शोधायची होती, असा खेळ. तो अरुंद केबिनमध्ये पडद्यासमोर बसून होता, कानाला हेडफोन, पण ऐकत होता ते मोज्यांचं वाक्य. लंबू अधूनमधून बिस्किटं पुढे करायचा. "घरी भांडून आलास का रे?" त्याने एकदा विचारलं. "तोंड बघ, उंदीर चावल्यासारखं झालंय." "तुझं तू बघ," हा म्हणाला. लंबूला तरी हे विचारायचं सुचलं कसं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर एक बारीक रेघ उमटली. नेहमीच्या गडबडीतून वेगळी, सुईसारखी. सगळे उठून त्याच्यामागे गोळा झाले. डावीकडे एक, उजवीकडे एक. कप्तान दुर्बीण घेऊन बाहेर गेला आणि आत ओरडला, "उजवीकडे आहे काहीतरी! मासेमारीची बोट उभी आहे, नेमकी त्याच रोखाने!" लगेच सगळ्यांची खात्री पटली. ही बोट इथे कशाला आलीय? हिच्या आडून पाणबुडी बसलीय. की या बोटीलाच काही लावलंय? तिच्यावर जाळं घेऊन बसलेला माणूस मान वर करून बघत होता, तर कप्तान म्हणाला, "बघा कसा बघतोय, काही माहीतच नाही असं." भोंगा वाजवून त्याला दम भरला गेला. तो बिचारा घाबरून जाळं ओढायला लागला. "कशाला त्या गरिबाला छळताय?" लंबू म्हणाला. "तो डोळ्यांना दिसतोय म्हणून तो गुन्हेगार? वळा की आधी."

बोट वळली. विंच कुरकुरला, शेपूट मागे मोठा वळसा घेत सरळ व्हायला लागली, आणि तोवर पडद्यावर सगळा राडा. मग रेघा पुन्हा जुळून आल्या. डावीकडची जागेवर होती, जराही हललेली नव्हती. उजवीकडची पळत सुटली होती, रिकाम्या पाण्यावरून, आणि मासेमारीची बोट तिच्या वाटेतून केव्हाच बाजूला राहिली होती. "घ्या," लंबू म्हणाला, "आरशातली. एका ओळीने बाजू कळत नाही, मी घसा फोडून सांगतोय. ज्याला बाजू कळत नाही तो काय करतो? समोर दिसेल त्याच्याकडे बघून हसतो नाहीतर भोंगा वाजवतो." लंबूने ते असंच, ओघात म्हटलं. पण याच्या हातातला पेन्सिलीचा तुकडा खाली पडला. औषधाच्या दुकानाची पायरी. तपकिरी कोट. हाक रस्त्याकडून आली होती, तिच्या डाव्या बाजूने, आणि ती उजवीकडे वळली होती. हाक ऐकून वळली होती, ओळखीची हाक ऐकून, आणि चेहरा खुलला होता तो त्या हाकेसाठी. माझ्याच हाकेसाठी! त्या माणसाच्या जागी तिथे विजेचा खांब असता तर ती खांबाकडे बघून हसली असती. मग एकामागून एक सगळंच वळायला लागलं. पलंगाची बाजू. सोफा. रस्त्यातला तो वळसा. ती त्याच्या डावीकडे येत होती, म्हणजे तिचा उजवा कान त्याच्याकडे येत होता. सगळ्या घरात तिने स्वतःला असं लावून घेतलं होतं की नवरा ऐकू येणाऱ्या बाजूला राहावा. बहिणीशी फोनवर हो-हो. उशिराचं हसू. गुरुवारचा कोणी 'तो' म्हणजे कानाचा डॉक्टर, आणखी कोण असणार? जन्मभर हेच केलं आणि घरात कळलं नाही, आरशातली बोट घरात हिंडत होती आणि हा तिच्यावर भोंगे वाजवत होता. त्याला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "अरे, काय झालं?" लंबूने विचारलं. "दोन लाव," तो म्हणाला. "दोन शेपट्या लाव बाबा. मी सही करतो." लंबू त्याच्याकडे संशयाने बघत राहिला.

पण मोज्यांचं वाक्य! ते आठवलं आणि तो केबिनमधून बाहेर आला. मग तो रेलिंगला टेकला आणि डोळे मिटून त्याने ती सकाळ परत उभी केली, चाचणी तपासतात तशी. ती समोर, तोंड याच्याकडे, डूल अडकवतेय. दाराच्या बाजूचा कान आपल्या उजव्या हाताला येतो. समोरच्या माणसाचा जो कान आपल्या उजव्या हाताला, तो त्याचा डावा. डावा म्हणजे गेलेला. पंखा चालू, आवाज हळू, बाजू बहिरी. ऐकू गेलंच नाही! म्हणून तर मोजे. असलं ऐकल्यावर कोणी मोज्यांचं बोलतं का? त्याचा जीव भांड्यात पडला. उरलेले दिवस तो इतका आनंदात होता की कप्तानाने त्याला स्वतःच्या वाटणीचा चहासुद्धा देऊ केला. एवढं मोठं पाप करावं आणि ते पाण्यात विरघळून जावं, असं नशीब किती जणांना मिळतं? आता घरी जायचं, तिच्या उजव्या बाजूला बसायचं आणि सगळं नीट करायचं.

पुढच्या आठवड्यात शनिवारी दुपारी तो घरी पोचला. कोर्टाला सुट्टी होती. ती जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. त्याने हात धुतले आणि मुद्दाम वळसा घालून तिच्या उजवीकडची खुर्ची ओढली. तिने त्या खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मला कळलंय," तो म्हणाला.

"काय?"

"डावा कान."

शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तिकडे बोट वळवली तेव्हा कळलं."

ती हसली, पण ते हसू तिच्या जुन्या हसण्यातलं नव्हतं. "समुद्रात जाऊन कळलं होय? घरात बसून नाही कळलं."

"कधीपासून?"

"हिवाळ्यात सर्दी झाली होती ना मोठी, तेव्हा. सकाळी उठले तर गेलेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सुया टोचल्या, आता म्हणतात तो गेला तो गेला. कोर्टात कळलं तर दुसऱ्या दिवशी मला कागद ठेवायच्या खोलीत बसवतील. साक्षीदार माझ्या उजव्या अंगाला येईल असं टेबल सरकवून घेतलंय, चाललंय तोवर चाललंय."

"पण मला सांगायचं नाही का गं?"

"तुला?" तिने शेंग फोडली. "तुला मी मुद्दामच नाही सांगितलं. म्हटलं, जगात कोणाला कळो न कळो, ह्याला कळेल. हा दुसरं करतो काय आयुष्यभर? पलंगाची बाजू बदलली, वाटलं आता विचारेल. सोफ्यावरची बदलली, वाटलं आता. रस्त्यात तुझ्याभोवती प्रदक्षिणा घालत होते मी. तू बघायचास सगळं. बघायचास, आणि तोंड असं करायचास." तिने त्याचं तोंड करून दाखवलं, इतकं हुबेहूब की त्याला वडील दिसले.

त्याला फार लाज वाटली, आणि फार प्रेमही दाटून आलं. तिचा हात धरावासा वाटला. त्या भरात त्याने जे झाकून ठेवायचं तेच उघडं केलं. "मी मूर्ख आहे," तो म्हणाला. "नशीब एवढंच की त्या दिवशी निघताना मी दारात काहीबाही पुटपुटलो, ते तरी तुझ्या कानावर गेलं नाही."

तिने सोललेले दाणे भांड्यात टाकले. हात पुसले. मग खुर्चीत ताठ बसली, जशी ती कोर्टात बसत असेल, आणि म्हणाली, "वाचून दाखवू?"

"काय?"

"'गुरुवारी ज्याच्याकडे जातेस ना,'" ती म्हणाली. आवाज सपाट, कुठे चढ नाही, कुठे उतार नाही, आणि 'ना' नंतर त्याने घेतला होता तेवढाच श्वास. "'त्याच्याकडेच राहा एकदाची. मी तरी सुटेन.' साक्षीदाराला वाचून दाखवलं. बरोबर आहे?"

पंखा नव्हता आता. खालच्या मजल्यावर कोणीतरी नळ बंद केला तोही ऐकू आला.

"पण... दार डावीकडे होतं," तो कसाबसा म्हणाला. "तुझा डावा कान होता माझ्या बाजूला. मी नीट आठवून बघितलंय."

"माझं तोंड कुठे होतं तुझ्याकडे? माझी पाठ होती. तोंड आरशाकडे." तिने त्याच्याकडे थकल्यासारखं पाहिलं. "तू आरशातल्या मला बघत होतास."

"मग तू मोज्यांचं..."

"साक्षीदार वाट्टेल ते बोलतो. आपण मान खाली घालायची आणि उतरवून घ्यायचं. सवय आहे मला. गुरुवार होता म्हणून तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, त्रास काय होतो. म्हटलं, ऐकू येतं तोच." तिने दाण्यांचं भांडं जवळ ओढलं. "उजव्याचंही ते खात्रीने काही सांगत नाहीत. राहील, नाहीतर जाईल. म्हणून जेवढं उरलंय त्यात काय काय घ्यायचं, ते आता मी ठरवणार आहे."

तेव्हा तो बोलायला लागला. आयुष्यात एवढं तो कधी बोलला नव्हता. संत्र्याचा माणूस सांगितला, टपरीचा आडोसा सांगितला, कोर्टातल्या खिडकीला केलेला फोन सांगितला. भिंत सांगितली, पेला सांगितला, बाबांना सांग, बाबांना सांग, ते सगळं सांगितलं. माझं चुकलं, मला तू हवी आहेस, असं दहादा म्हणाला, रडतच म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. सुरुवातीला ती ऐकत होती. तिच्या डोळ्यांतही पाणी आल्यासारखं त्याला वाटलं. मग तिने टेबलावर कोपर टेकलं आणि उजवा गाल तळहातात घेतला, तसा की कान त्यात पुरता झाकला गेला. चेहऱ्यावर हळूहळू शांतता आली. मंद हसत, मधूनमधून मान डोलवत, मोकळ्या हाताने ती पडलेले दाणे एक एक करून भांड्यात टाकू लागली. त्याने ते पाहिलं, आणि तरी तो बोलत राहिला.